घरच्या शेडमध्ये टू-के रंग: श्वासाची हवा कुठून घ्यायची?

प्रकरण असे. नाशिक शहराबाहेर द्राक्षबागेच्या बांधाला लागून एक बंगला. मागच्या अंगाला पत्र्याची शेड, २० फूट लांब, १२ फूट रुंद, ९ फूट उंच. आत १९९८ ची मारुती जिप्सी, पत्राकाम आणि पुट्टी होऊन प्रायमरला तयार. मालक हौशी आहे, पण हात बसलेला आहे. ३ एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, १६० लिटर टाकीचा कंप्रेसर त्याच्याकडे आधीपासून आहे. योजना: टू-के (हार्डनर मिसळून मारायचा, दोन घटकांचा) सर्फेसर, म्हणजे घासून सपाट करायचा प्रायमर, त्यावर बेसकोट, म्हणजे रंगछटेचा थर, त्यावर टू-के क्लिअरचे, म्हणजे पारदर्शक थराचे, दोन कोट. मालकाला चष्मा आहे आणि दाढीही. वीज सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॉट, घराला ९०० व्हीएचा इन्व्हर्टर. मदतीला घरातलाच एक माणूस आहे.

गन, रंगाची कंपनी, छटा, सगळे ठरले होते. श्वासाची हवा कुठून येणार, एवढेच ठरायचे होते. मालकाची पहिली कल्पना होती की कंप्रेसर आहेच, त्यालाच एक फिल्टर लावून मास्क जोडू. ती का बाद झाली आणि तिच्या जागी काय आले, ते पुढे सविस्तर.

धोका नेमका कशात आहे

पूर्वी गल्लीतल्या गॅरेजमध्ये सर्रास मारला जाणारा ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग. तो वाळतो थिनर उडून. टू-केचे तसे नाही. त्यातला हार्डनर आणि रंग यांच्यात रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. गाड्यांच्या क्लिअरमध्ये बहुतेक वेळा एचडीआय, म्हणजे हेक्झामिथिलिन डायआयसोसायनेटपासून बनवलेली पॉलिमर रूपे असतात. आयसोसायनेट म्हटले की भोपाळ आठवते. रासायनिक गट तोच आहे, वागणूक मात्र वेगळी. भोपाळची एमआयसी (मिथाइल आयसोसायनेट) ३९ अंशांना उकळते. क्लिअरचा हार्डनर डब्यात उघडा ठेवला तरी फारसा उडत नाही. तो फुफ्फुसात जातो तो गनने केलेल्या बारीक धुक्यातून. या धुक्याचा मोठा भाग डोळ्यांना दिसतही नाही.

एचडीआयसाठी अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने सुचवलेली सरासरी मर्यादा ०.००५ पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ५ भाग. नाकाला वास येतो तो या मर्यादेच्या बराच वर. शेडमध्ये जो वास येतो तो थिनरचा. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हच्या म्हणण्यानुसार टू-के फवारणाऱ्या वाहन-रंगाऱ्यांना दम्याचा धोका तिथल्या सर्वसाधारण कामगारापेक्षा सुमारे ८० पट असतो. हा दमा एकदा शरीरात बसला की पुढे अगदी किंचित संपर्कानेही उसळतो. लक्षणे कामानंतर काही तासांनी, बरेचदा रात्री खोकला आणि छातीत घरघर अशी येतात. त्यामुळे माणूस त्याचा दोष दुपारच्या रंगाला देतच नाही. ज्याला आधीपासून दमा आहे त्याने हे काम करूच नये. पुढचे सगळे त्याच्यासाठी नाही.

टू-के टाळता येईल का, हा प्रश्न आधी विचारला गेला. बेसकोट वन-के, म्हणजे हार्डनरशिवायचा आहे, त्यात आयसोसायनेट नाही. मात्र काही कंपन्या बेसमध्येही थोडा हार्डनर घालायला सांगतात, म्हणून डब्यावरची सूचना वाचावी. सर्फेसरच्या जागी इपॉक्सी प्रायमर घेतला तर तोही थर आयसोसायनेटमुक्त होतो. इपॉक्सीचा हार्डनर त्वचेला ॲलर्जी करू शकतो, तेव्हा हातमोजे सुटत नाहीत. मालकाने हा बदल मान्य केला. क्लिअर मात्र टू-केच हवे होते, कारण जिप्सी उन्हात उभी राहणार. म्हणजे धोक्याचे काम एका दिवसावर आले: साधारण २ लिटर तयार क्लिअर, प्रत्येक कोटला १५ ते २० मिनिटे, मध्ये सुकायला १० ते १५ मिनिटे. तयारी, फवारणी आणि नंतर हवा साफ होईपर्यंतचा वेळ धरला तर डोक्यावर सलग दीड तास उपकरण.

काडतुसाचा मास्क का नाही

दुकानात पहिल्यांदा दाखवतात तो दोन काडतुसांचा अर्धा मास्क. सक्रिय कोळसा बाष्प धरतो, पुढचा पॅड धुके धरतो, आणि एचडीआयसुद्धा तो काही काळ धरतोच. तो अगदीच निरुपयोगी आहे असे म्हणणे खोटे ठरेल. अडचण अशी की काडतूस भरत आले हे कळवणारा वास आयसोसायनेटला नाही. बंद शेडमध्ये थिनरचा मारा इतका असतो की कोळसा अंदाजापेक्षा लवकर भरतो. आणि दाढीवर अर्धा मास्क बसत नाही. मास्कची कड आणि कातडी यांच्यात केस आले की हवा तिथूनच शिरते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या तक्त्यात नीट बसलेल्या अर्ध्या मास्कला संरक्षणाचा अंक १० दिलेला आहे, म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहापट स्वच्छ धरायची. दाढीवर तो अंकही उरत नाही.

हार्डनर मिसळताना, उघड्यावर, थोड्या वेळासाठी हा मास्क ठीक. फवारणीला नाही.

कमरेला बॅटरीचा पंखा असलेले, पॉवर्ड प्रकारचे उपकरण बघितले तर त्यात दाढीचा प्रश्न सुटतो, कारण त्याचा हुड, म्हणजे डोक्यावरून घालायचे काच लावलेले आवरण, सैल असतो. पण तेही शेडमधलीच हवा काडतुसातून गाळते. काडतूस कधी भरले हा प्रश्न तसाच उभा राहतो.

घरातला कंप्रेसर: इथे सगळ्यात जास्त वेळ गेला

कंप्रेसर समोर उभा असतो, त्याची हवा फुकट वाटते. म्हणून इथे आकडे मांडून बघणे गरजेचे होते.

पाटीवर ११ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलेला दोन सिलिंडरचा ३ एचपी कंप्रेसर प्रत्यक्षात सुमारे ८ सीएफएम देतो. पाटीवरचा आकडा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, बाहेर येणाऱ्या हवेचा नव्हे. एचव्हीएलपी, म्हणजे जास्त हवा आणि कमी दाबाच्या गनला ९ ते १२ सीएफएम लागतात. म्हणजे नुसत्या गनलाही टाकीचा साठा खर्च करत, अधूनमधून थांबत काम करावे लागते. सैल हुडला किमान ६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १७० लिटर हवे. चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मास्कला ४ सीएफएम, म्हणजे ११५ लिटर. एकाच टाकीवर दोन्ही जोडले की ट्रिगर दाबताक्षणी हुडमधली हवा मंदावते, म्हणजे धुके सर्वांत दाट असते नेमके त्याच क्षणी. कमी हवेत चालणारी एलव्हीएलपी गन घेऊन हिशेब थोडा जुळवता आला असता, पण हवेचा दर्जा हा त्याहून कठीण प्रश्न पुढे उभा होताच.

तेलावर चालणाऱ्या पिस्टन कंप्रेसरच्या हवेत तेलाचे धुके येते, रिंगा झिजल्या की जास्तच. हेड सलग तापत राहिले की तेल करपते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. श्वासाच्या हवेसाठी अमेरिकेत वापरला जाणारा ग्रेड डी दर्जा असा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमपर्यंत, कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमपर्यंत, तेलाचे धुके घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत. युरोपचा दर्जा याहून कडक आहे. तेलाच्या कंप्रेसरवर श्वास घ्यायचा तर ओशा जास्त तापमानाचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागते.

मालकाला दुकानदाराने सुचवलेला फिल्टर म्हणजे रंगकामाचाच रेग्युलेटर-फिल्टर. तो पाणी आणि मोठे कण अडवतो, बस. श्वासासाठी लागणारी मालिका अशी असते: हवा थंड करणे, पाणी सोडणारा ट्रॅप, ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग ०.०१ मायक्रॉनचा तेल गोळा करणारा फिल्टर, मग वास आणि तेलाच्या वाफेसाठी सक्रिय कोळसा, आणि शेवटी कार्बन मोनॉक्साइडसाठी उत्प्रेरक. सक्रिय कोळसा कार्बन मोनॉक्साइड धरत नाही, हे फार जणांना माहीत नसते. हॉपकलाइट नावाचा उत्प्रेरक त्याचे कार्बन डायऑक्साइड करतो, पण तो ओला झाला की काम सोडतो, म्हणून त्याच्या आधी ड्रायर हवा. आता पावसाळ्यातली हवा बघा. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला प्रत्येक घनमीटरात सुमारे २६ ग्रॅम पाणी असते. ८ सीएफएम म्हणजे तासाला १३.६ घनमीटर. सलग चालला तर कंप्रेसर तासाला साडेतीनशे मिलिलिटर पाणी ओढतो, आणि त्यातले बरेचसे टाकीत आणि नळीत उतरते.

ड्रायर, चार टप्पे, अलार्म, वेगळे कपलर (नळी जोडायचे तोंड), श्वासासाठीची नळी. हे सगळे मिळून कंप्रेसरपेक्षा महाग होते, आणि तरीही ८ सीएफएमचे ९ होत नाहीत. वेगळ्या कपलरचा मुद्दा किरकोळ नाही. कारखान्यांत श्वासाची नळी चुकून नायट्रोजनच्या लाइनला जोडली जाऊन माणसे दगावतात, म्हणूनच श्वासाच्या लाइनचे कपलर दुसऱ्या कशालाही बसू नये असा नियम आहे. घरी नायट्रोजन नसला तरी इम्पॅक्ट रेंचसाठी तेल सोडणारा लुब्रिकेटर असतोच. ज्या नळीतून एकदा तेल गेले ती श्वासासाठी कायमची बाद.

दुसरा, तेलाशिवाय चालणारा, दातांच्या दवाखान्यातला छोटा कंप्रेसर घ्यावा असाही विचार झाला. करपलेल्या तेलाचा प्रश्न मिटतो. पण पाऊण किलोवॉटचा असा कंप्रेसर प्रत्यक्षात मिनिटाला १०० लिटरच्या आसपास देतो, आणि तो सलग चालवण्यासाठी बनवलेला नसतो. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद, हे त्याचे आयुष्य. दीड तास अखंड चालवला तर तापून थर्मल स्विच पडतो, आणि पडतो तो माणूस आत असताना.

सिलिंडरचा हिशेब एका ओळीत संपतो. अग्निशामक दलाच्या पाठीवरची ६.८ लिटरची, ३०० बारची बाटली म्हणजे साधारण २००० लिटर हवा. सैल हुडला ती १२ मिनिटे पुरते. ऑक्सिजनचा सिलिंडर तर शेडच्या जवळपासही नको. थिनरच्या वाफेत जादा ऑक्सिजन मिसळला की पेटायला ठिणगीचे निमित्तच पुरते.

निवड: बाहेरची हवा ढकलणारा ब्लोअर

उरला तो सर्वांत साधा प्रकार. शेडबाहेर, स्वच्छ हवेत ठेवलेला ब्लोअर आणि जाड नळीने त्याला जोडलेला सैल हुड. ब्लोअर हवा साठवत नाही, फारशी दाबत नाही, तिला तेलाचा स्पर्श नाही. टाक्या आणि गटारे साफ करणाऱ्यांसाठी असे संच आपल्याकडे बनतात. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतल्या सेफ्टीच्या दुकानांत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ‘ब्लोअर टाइप एअरलाइन’ म्हटले की समोर येतात. आयएस १०२४५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात फ्रेश-एअर होज उपकरणांचा समावेश आहे. त्यात मोटरवर आणि हाताच्या दांड्यावर अशा दोन्ही प्रकारे चालणारा ब्लोअर मिळतो, आणि वीज जाणाऱ्या गावात हा दांडा शोभेचा नाही.

यातल्या बहुतेक संचांबरोबर पूर्ण चेहऱ्याचा मास्क येतो. त्याचा संरक्षण अंक सैल हुडपेक्षा कितीतरी मोठा. ओशाच्या तक्त्यात सतत हवा मिळणाऱ्या पूर्ण मास्कला १००० आणि सैल हुडला २५. पण मास्कच्या कडेखालून चष्म्याची काडी गेली की सील तुटते, दाढीने तर तुटतेच. मालक दाढी काढायला आणि मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम घ्यायला तयार असता तर पूर्ण मास्कच सुचवला असता. तो नव्हता. २५ अंकाचा हुड नीट हवा खेळवलेल्या शेडमध्ये या कामाला पुरेसा धरला, कारण ब्रिटनच्या बॉडीशॉपमध्ये टू-केसाठी हवापुरवठ्याचे किमान २० अंकाचे उपकरण मान्य आहे आणि तिथे रोजचा वापर अशा हवा सोडणाऱ्या व्हायजरचाच, म्हणजे चेहऱ्यापुढच्या वर करता येणाऱ्या काचेचाच आहे.

इथे एक सापळा आहे. सँडब्लास्टिंगचे हुड दिसायला दणकट आणि सहज मिळणारे. पण त्यांच्या पट्ट्यावरचा रेग्युलेटर काही बार दाबाच्या हवेसाठी असतो. ब्लोअर देतो बारचा छोटासा अंश. त्या व्हॉल्व्हमधून हवा जवळजवळ येतच नाही. हुड कमी दाबाचा, ब्लोअरच्याच पुरवठादाराकडून, त्याच जोडणीचा मागून घ्यावा लागतो. संचावर मिनिटाला किती लिटर, किती लांब नळीला, हे लिहून घ्यावे.

नळीचा व्यास हा या प्रणालीचा प्राण आहे. मिनिटाला २०० लिटर हवा १५ मीटर लांब, आतून गुळगुळीत २५ मिलिमीटर नळीतून नेताना सुमारे ५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब खर्च होतो. तीच हवा १२ मिलिमीटरच्या नळीतून न्यायला जवळपास दोन मीटर पाण्याएवढा दाब लागतो. व्यास निम्मा केला की रोध तिपटीने-चौपटीने नाही, तीस-चाळीस पटीने वाढतो. म्हणून कंप्रेसरची उरलेली नळी ब्लोअरला जोडणारे हमखास फसतात. नालीदार नळी गुळगुळीत नळीपेक्षा दोन-तीन पट अडवते, शिवाय टायरखाली अटकते. या प्रकरणात आतून गुळगुळीत, तारेचे वेटोळे घातलेली २५ मिलिमीटरची १५ मीटर नळी घेतली. नव्या पीव्हीसी नळीला वास येतो, तेव्हा आदल्या रात्रभर ब्लोअर लावून ती हवेशीर केली.

व्हॅक्यूम क्लीनरची मागची बाजू वापरून असा संच घरी जोडण्याच्या युक्त्या बऱ्याच फिरतात. बहुतेक घरगुती व्हॅक्यूममध्ये ओढलेली हवा मोटरवरूनच जाते, मोटर थंड राहावी म्हणून. कार्बन ब्रशची भुकटी त्या हवेत, आणि गुंडाळीचे इन्सुलेशन करपले तर तो धूर थेट नाकात. मत्स्यशेतीतले रिंग ब्लोअर त्या मानाने बरे, हवा आणि मोटर वेगळी असते. पण त्यांचा प्रवाह कमी करायला पुढे व्हॉल्व्ह आवळला की हवा भरपूर तापते. जास्तीची हवा बाजूला सोडून द्यायची असते, कोंडायची नसते. श्वासासाठी बनवलेला संच मिळत असताना हे उद्योग कशाला, हे आमचे मत.

ब्लोअर ठेवायचा कुठे

ब्लोअर काहीही गाळत नाही. तोंडाशी जे असेल तेच हुडमध्ये येते. म्हणून जागा ठरवायला संच निवडण्याइतकाच वेळ दिला.

शेडचा एक्झॉस्ट उत्तरेच्या भिंतीत, बागेपासून दूर. ब्लोअर विरुद्ध बाजूला, एक्झॉस्टपासून १० मीटरवर, टेबलावर, तोंड जमिनीपासून दीड मीटर उंच. थिनरची बाष्पे हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत सरकतात. आदल्या दिवशी, एकही डबा उघडलेला नसताना, उदबत्ती घेऊन वारा कुठून कुठे जातो ते सकाळी आणि दुपारी पाहिले. सकाळी वारा बरोबर होता. दुपारनंतर तो फिरून एक्झॉस्टची हवा घरावरून ब्लोअरकडे आणत होता. काम सकाळी ७ ते १० मध्येच करायचे ठरले. तसेही ऊन चढल्यावर पत्र्याखाली हुड घालून उभे राहणे कठीण असते.

बाकीच्या गोष्टी आसपासच्या: गॅस गिझरची चिमणी, चुलीचा धूर, चालू स्कूटर, जनरेटर, शेजाऱ्याने पेटवलेला पाचोळा. आणि नाशिकमध्ये खास म्हणजे द्राक्षबाग. छाटणीनंतरच्या महिन्यांत ट्रॅक्टरच्या ब्लोअरने औषधे मारली जातात, बरेचदा सकाळीच. बागवाल्याला विचारून त्याच्या फवारणीचा दिवस सोडून रंगाचा दिवस धरला. उलटही खरे आहे: शेडमधून बाहेर पडणारे धुके बागेत काम करणाऱ्यांच्या दिशेने जाता कामा नये. एक्झॉस्टला रंग अडवणारे काचतंतूंचे फिल्टर लावले आणि त्या बाजूचे अंगण दोरी बांधून बंद केले.

ब्लोअरची मोटर ठिणगीरोधक नाही, म्हणून तिला शेडमध्ये जागाच नव्हती. शेडच्या पंख्याचीही तीच गत: साधी मोटर धुक्याच्या वाटेत ठेवायची नाही. इथे दाराकडच्या भिंतीत पंखा बसवून बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलली आणि समोरून फिल्टरमधून बाहेर जाऊ दिली. मोटर स्वच्छ हवेत राहिली. शेडचे आकारमान २१६० घनफूट, म्हणजे ६१ घनमीटर. फिल्टर धरून पंखा तासाला २००० घनमीटर देत असेल तर दर दोन मिनिटांना शेडभर हवा बदलते, आणि हवा उत्तम मिसळली तरी धुके एक शतांशावर यायला साडेआठ मिनिटे लागतात. कोपऱ्यांत, गाडीच्या खाली, टपाच्या मागे ती तशी मिसळत नाही. तिप्पट धरून शेवटच्या कोटानंतर २५ मिनिटे आत कुणीही हुडशिवाय जायचे नाही, असा नियम केला. दोन कोटांच्या मध्ये रंग कसा बसला ते बघायला व्हायजर वर करणे ही रंगाऱ्यांची जुनी सवय. धुके दिसत नाही, पण ते तिथेच असते.

वीज

३ एचपी कंप्रेसर सिंगल फेजवर १४-१५ अँपिअर ओढतो, सुरू होताना कितीतरी जास्त. पंखा, दिवे आणि ब्लोअर मिळून एकूण भार ४ किलोवॉटच्या जवळ जातो. मंजूर भारात बसते, पण व्होल्टेज पडले की कंप्रेसर घरघरतो आणि त्याच सर्किटवरचा ब्लोअर मंदावतो. म्हणून ब्लोअर इन्व्हर्टरच्या सर्किटवर घेतला. ४०० वॉटचा ब्लोअर १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर दोन तासांच्या आसपास चालतो. कागदावरचा हा हिशेब पुरेसा नाही. इंडक्शन मोटर सुरू होताना चारपाच पट प्रवाह मागते आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो. ब्लोअर चालू ठेवून मेन स्विच पाडून पाहिला: फिरती मोटर इन्व्हर्टरने सांभाळली. थांबलेली मोटर इन्व्हर्टरवर सुरू होईना. म्हणजे वीज नसताना काम सुरू करायचेच नाही, आणि चालू कामात ब्लोअर बंद पडला तर हाताचा दांडा.

दांड्याशी मदतनीस सतत उभा. त्याचे दुसरे काम नळी सोडण्याचे आणि गुंडाळण्याचे. हवा थांबली तर माणसाने ट्रिगर सोडायचा, हुड न उचलता सरळ दाराबाहेर जायचे आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावरच हुड काढायचा. वाटेत स्टूल, डबा, जॅक काही ठेवायचे नाही. ही चाल डोळे मिटून, रंगाविना, आधी करून पाहिली. गाडीच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापासून दार १२ पावलांवर आहे.

पहिल्या चाचणीत काय बिघडले

प्रवाह मोजायला महागडे मीटर लागत नाही. ५० लिटरची कचऱ्याची पिशवी दाबून रिकामी करायची, हुडच्या टोकाला नळीवर धरायची आणि घड्याळ लावायचे. मिनिटाला १७० लिटर असतील तर ती साडेसतरा सेकंदांत भरते. नळी जशी कामात वळणार तशीच वळवून मोजायचे. पहिल्यांदा २१ सेकंद लागले. कारण शेडच्या दारात नळी दाराच्या कडेवर दुमडली होती. तिथे पीव्हीसीचा रुंद बाक बसवल्यावर १३ सेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे २३० लिटर.

१७० वरच समाधान का मानले नाही, याचे कारण श्वास सलग नसतो. वाकून, हात वर करून काम करणारा माणूस श्वास ओढतो त्या क्षणी मिनिटाला २०० ते ३०० लिटरच्या वेगाने ओढतो. तेवढ्या क्षणापुरता हुडमधला दाब बाहेरपेक्षा कमी होतो आणि गळ्याच्या झालरीतून शेडची हवा आत येऊ शकते. सैल हुडचा अंक २५ च राहतो त्यामागे हेच आहे. म्हणून जास्तीचा प्रवाह, आणि आतली झालर कव्हरऑलच्या, म्हणजे अंगभर घालायच्या कपड्याच्या, कॉलरच्या आत नीट खोचलेली.

बेसकोट मारताना, म्हणजे आयसोसायनेट नसलेल्या थराला, पूर्ण संच घालून रंगीत तालीम केली. हा क्रम फार उपयोगी आहे. रॉकर पॅनलपाशी, म्हणजे दाराखालच्या पत्र्यापाशी, गुडघ्यावर बसल्यावर हुडमध्ये थिनरचा वास आला. नळी पट्ट्यापाशी मांडीखाली दाबली जात होती. पट्ट्याची जोडणी पाठीमागे सरकवली आणि नळी खांद्यावरून न नेता कमरेवरून मागे सोडली, त्यामुळे ती ओल्या बॉनेटवर घासण्याची भीतीही गेली. थिनरचा वास आला तर गळती आहे आणि थांबायचे, हे पक्के. वास नाही म्हणून सगळे आलबेल, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

काच धुकट होण्याचा त्रास झाला नाही, कारण हवा वरून कपाळावरून काचेवर उतरत होती. उष्णतेचा झाला. नळीचा ४ मीटर भाग उन्हात होता. त्यावर ओले गोणपाट टाकले.

काचेवरच्या सोलायच्या पातळ फिल्म्स जास्त ठेवाव्यात. क्लिअरचे धुके काचेवर बसून दिसेनासे झाले की हात आपोआप हुडकडे जातो.

क्लिअरच्या दिवशीचा क्रम

ब्लोअर सुरू करून पाच मिनिटे चालू द्यायचा, पिशवीची चाचणी, मग कव्हरऑल, नायट्राइलचे दुहेरी हातमोजे आणि सर्वांत शेवटी हुड. आयसोसायनेट कातडीवाटेही ॲलर्जी रुजवू शकते, त्यामुळे मनगट आणि मान उघडी नको. गनमध्ये रंग भरायला मदतनीस आत येत नाही. मिसळलेले क्लिअर झाकणाच्या भांड्यांत दाराशी ठेवलेले असते. शेवटच्या कोटानंतर गनमधले क्लिअर सांडून गन धुणेही हुड घालूनच, दाराशी, पंखा चालू ठेवून. काढताना आधी बाहेर येऊन वरचे हातमोजे आणि कव्हरऑल, मग हुड.

उरलेल्या हार्डनरच्या डब्यात पाणी किंवा ओला ब्रश गेला तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट झाकण लावलेला डबा फुगून फुटू शकतो. ओलावा लागलेला डबा सैल झाकणाने बाहेर ठेवावा. क्लिअर पूर्ण कडक होण्याआधी पॉलिशसाठी घासायला घेतले तर त्या भुकटीतही न जुळलेले आयसोसायनेट असते. डब्यावर दिलेला काळ जाऊ द्यावा आणि वॉटर पेपर ओला ठेवूनच घासावे.

निवड कधी वेगळी ठरली असती

दाढी नसती आणि चष्मा आतल्या फ्रेममध्ये बसवता आला असता, तर तोच ब्लोअर आणि पूर्ण मास्क. वर्षाला पाचसहा गाड्या रंगवायच्या असत्या आणि थ्री-फेज वीज असती, तर ७.५ एचपी कंप्रेसर, ड्रायर, पूर्ण गाळण-मालिका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांचा खर्च निघाला असता. मग लांब, बारीक नळी आणि गार हवेचा व्होर्टेक्स ट्यूबही मिळाला असता, जो ब्लोअरच्या दाबावर चालत नाही. मदतनीस नसता तर क्लिअर घरी मारायला आम्ही हो म्हटले नसते. आणि हीच जिप्सी पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असती, तर कितीही चांगला हुड असला तरी उत्तर नाहीच आले असते. हुड रंगवणाऱ्याला वाचवतो, वरच्या मजल्यावरच्या खिडकीला नाही. तिथे पत्राकाम, पुट्टी, इपॉक्सी आणि घासणी घरी करून फक्त क्लिअरसाठी गाडी भाड्याच्या बूथमध्ये न्यायची.

संच आता पिशवीत, नळीची दोन्ही टोके झाकणे लावून ठेवायचा. नळीत झुरळ किंवा उंदराची लेंडी सापडणे ही घरगुती शेडमधली खरी गोष्ट आहे. पुढच्या वापराआधी नळी रिकामी फुंकून घ्यायची आणि पिशवीची चाचणी पुन्हा १३ सेकंदांच्या जवळ येते का ते पाहायचे.